एकट्यापुरता भात

आचारीभाऊंना एका माणसाचा स्वयंपाक येत नसे. तीनशे माणसांचा सांगा, अर्ध्या झोपेत करून ठेवतील, आणि ऐनवेळी वीस पाहुणे वाढले तरी कपाळाला आठी पडायची नाही. पण एक माणूस, एक ताट, एक वेळ असं म्हटलं की गडी गांगरायचा. तांदळाच्या डब्यात घातलेला हात कोपरापर्यंत आत जायचा आणि बाहेर येताना दहा जणांचे तांदूळ घेऊन यायचा. हात आखडता घेणं त्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं.

शिकवणार तरी कोण? मिसरूड फुटायच्या आधी ते कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागले. भांड्यांवरून भाज्या चिरण्यावर, चिरण्यावरून शेगडीवर, आणि तिशीत मुख्य आचारी. तिथली पातेली अशी की आत बसून अंघोळ करावी. उलथनं वल्ह्याएवढं. पहिल्या पाळीचे कामगार यायच्या आत नाश्ता तयार लागे, म्हणून रोज अंधारातच त्यांची भांडी वाजायला लागत. स्वभाव तापट होता, पण मनात काही ठेवून घेणारा नव्हता. मीठ कमी पडलं असेल तर तोंडावर सांगा, पाठीमागे कुजबुजू नका, एवढीच त्यांची अट असे. खोट्या कौतुकाची मात्र भारी चीड. एकदा मुख्य कचेरीतला कुणी बडा साहेब पाहणीला आला आणि त्या दिवशी नेमकं सूप तळाला लागलं होतं. साहेबाने घोट घेतला आणि "वा, फारच छान" म्हणाला. आचारीभाऊंनी सगळ्यांदेखत त्याच्या हातातली वाटी काढून घेतली. "करपलंय हे. छान कसं?" असं त्याला विचारलं आणि दुसरं काही आणायला आत निघून गेले. नोकरी कशी टिकली ते एक कोडंच आहे.

बायको त्याच कारखान्यात, पॅकिंग खात्यात. रोज त्यांच्या हातचं ताट घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची, तिथेच जमलं. लग्न झाल्यावर मात्र तिने पहिल्याच दिवशी घरच्या स्वयंपाकघरातून त्यांना बाहेर काढलं. दोन माणसांना लागतो तेवढाच संसार आहे आपला, तुमचा हात आपल्याला परवडायचा नाही, असं तिचं म्हणणं. मूलबाळ झालं नाही. पन्नाशी उलटल्यावर ती आजारी पडली आणि फार दिवस न काढता गेली. आठवड्याभरात आचारीभाऊ पुन्हा शेगडीपुढे उभे होते. तीनशे माणसांना भूक लागतेच, ती कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही. दुःख करायला सवड मिळाली नाही, आणि मिळाली नाही याचं त्यांना बरंच वाटलं.

मग एक दिवस कँटीनच बंद झालं. बाहेरून गाडी यायला लागली आणि गाडीतून बंद डबे. कामगार डबा उघडायचा, खायचा, डबा फेकायचा. आचारी लागणार कशाला? आचारीभाऊंना निरोप दिला तेव्हा त्यांच्या हाताच्या चवीबद्दल तीन जणांनी भाषणं केली आणि नंतर सगळ्यांना त्या बंद डब्यांतलंच जेवण वाटलं. खरं सांगतो, माणसांना लाज कशी वाटत नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आता घरी दोन खोल्या, एक शेगडी, एक माणूस. तरी डोळे अंधारातच उघडायचे. उठायचं आणि करायचं काय, तर स्वयंपाक. तो व्हायचा दहा जणांचा. उरलेला डब्यांत भरून आचारीभाऊ इमारतीत वाटायला निघायचे. अरुंद जिना, चार मजले, प्रत्येक मजल्यावर दोन दारं. सुरुवातीला दारं हसत उघडली. तळमजल्यावरचा विमेवाला तर बोटं चाटायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरणीला उत्तरपत्रिका तपासायच्या दिवसांत हे आयतं जेवण म्हणजे पर्वणी वाटायची. शेजारच्या खोल्यांत लॉन्ड्रीवाली राहायची, एकटीच. भिंतीपलीकडून पहाटेच पातेली आदळायची म्हणून ती शिव्या घालायची आणि डबा मात्र घ्यायची.

पण अति तिथे माती. रोज रोज दुसऱ्याच्या आवडीचं कोण खाणार? विमेवाल्याला डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं. मास्तरणीची परीक्षा संपली. लॉन्ड्रीवालीच्या फ्रिजमध्ये मुंगीला शिरायला जागा उरली नाही. "आज आमच्याकडे आधीच झालंय हो," असं एकेका दाराने सांगितलं. यात कुणाची चूक काढायची? आचारीभाऊंनीही काढली नाही. ते हट्टाने कमी करायला शिकले. आज आठ जणांचा, मग पाचांचा, मग तिघांचा. आणि एके दिवशी भात बरोबर एकट्यापुरता झाला. शीतसुद्धा उरलं नाही. ते कितीतरी वेळ पातेल्याच्या तळाकडे बघत बसले. इमारतीत कुणाच्या लक्षातही आलं नाही की डबे यायचे थांबलेत. आलं असेल तर सुटल्यासारखंच वाटलं असेल.

भातामुळे कुणी मरायला निघत नाही, हे मलाही कळतं. माणूस एका कारणाने मोडत नाही, आणि बाहेरून मोजणाऱ्याला कारणं कधीच पुरी दिसत नाहीत. आचारीभाऊंनी मनाशी केलेला हिशेब साधा होता: आपल्यावाचून कुणाचं अडत नाही. हा विचार आला, राहिला आणि हळूहळू घरमालक होऊन बसला. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. एका पहाटे भिंतीपलीकडे पातेली वाजली नाहीत. लॉन्ड्रीवालीने थोडा वेळ वाट पाहिली, दार ठोठावलं, मग जिन्यावरून आरडाओरडा करत विमेवाल्याला उठवलं आणि दार फोडायला लावलं. आचारीभाऊ वाचले. थोडक्यात वाचले.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी विमेवाल्याला बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगितल्या. घरातली धोक्याची वस्तू हलवा. त्यांना एकटं ठेवू नका, गोळ्या आणि तपासणी चुकवू नका. आणि तिसरी, मरावंसं अजून वाटतं का ते त्यांना सरळ विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बाहेर यायला वाट मिळते. पहिल्या दोन गोष्टी इमारतीने अशा उचलल्या की कौतुक करावं. शेजारधर्म म्हणजे काय ते त्या दिवसांत बघायला हवं होतं. सुऱ्या गेल्या, गॅस गेला, न्हाणीघराची कडी गेली. दिवसाच्या पाळ्या लागल्या, रात्री कुणीतरी पुढच्या खोलीत अंथरूण टाकायला लागलं. जेवण घरोघरून यायला लागलं. तिसरी गोष्ट मात्र विमेवाल्याने गिळली. वर जिन्यावरच्या बैठकीत त्यानेच ठरवून टाकलं की त्या विषयाचा ब्र काढायचा नाही, उगाच जखमेवरची खपली निघायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच ते सोयीचं होतं.

गंमत बघा. या विमेवाल्याचा जन्म लोकांना मरणाची आठवण करून देण्यात गेलेला. अनोळखी माणसाच्या घरात चहा पिताना तो सहज विचारायचा, उद्या तुम्ही नसलात तर? आणि इथे तोच तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. मोबाइलवर बोट फिरवायचा. आचारीभाऊ खोकले की मान वर, उठले की हाही उठायचा. आचारीभाऊ न्हाणीघरात गेले की बाहेर उभा राहून हवा किती बदललीय यावर मोठमोठ्याने बोलायचा. मास्तरणीची पाळी असली की ती गठ्ठा घेऊन यायची आणि लाल पेन चालवत बसायची. घर भरलेलं असायचं. आचारीभाऊंना मात्र इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पूर्वी भिंती त्यांच्याकडे बघत नव्हत्या, एवढा तरी फरक होता.

पाळी बदलताना दाराबाहेर कुजबुज चालायची. दार पातळ, त्यात एकदा फुटलेलं, सगळं आत ऐकू यायचं. विमेवाला म्हणायचा, हा शुद्ध भ्याडपणा आहे, एवढी माणसं असताना असं करायचं म्हणजे आपल्या तोंडाला काळं फासणं. मास्तरणीला ते पटायचं नाही. ज्याचा जीव त्याची मर्जी, आपण अडवणारे कोण, असं तिचं मत होतं. मात्र पाळी ती एकही चुकवायची नाही. त्यावर विमेवाला विचारायचा, मग येतेस कशाला? त्यावर ती गठ्ठा उचलून आत शिरायची. आतून आचारीभाऊ दोन्ही ऐकायचे. आपण भ्याड आहोत की आपल्या मर्जीचे मालक, हे त्यांनाही ठरवता यायचं नाही. त्यांना फक्त एवढं वाटायचं की आपल्याबद्दल चाललंय ते कुणी दाराच्या या बाजूला येऊन बोलावं.

कारण तो विचार गेला नव्हता. दबा धरून बसला होता, पहाटे उठून बसायचा. आणि ज्यांना तो सांगायचा ते सगळे हवेबद्दल बोलत होते.

दोन आठवडे उलटले. एकेकाच्या कामाचे खोळंबे व्हायला लागले, बायका नवऱ्यांवर करवादायला लागल्या. आचारीभाऊंना ते दिसत होतं. मग त्यांनी एक केलं. ते बरे झाले. म्हणजे बरं झाल्यासारखं वागायला लागले. दाढी केली, एक-दोन विनोद केले, विमेवाल्याच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. घरोघरून आलेलं जेवण चवीने जेवायला लागले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सुंठीवाचून खोकला गेला! पुढची तपासणी जवळ आली होती, पण माणूस इतका ठणठणीत असताना उगाच कशाला, असंही कुणीतरी म्हणालं. रविवारी सकाळी सगळे त्यांच्याकडे जमून चहा घेतील, सामान परत देतील आणि पाळ्या बंद करतील असं ठरलं. त्या रविवारनंतर आपल्याला पुन्हा पूर्ण एकांत मिळेल, हे आचारीभाऊंनी ओळखलं होतं. त्यांना नेमकं तेच हवं होतं, आणि त्याचीच त्यांना भीतीही वाटत होती.

या सगळ्यात लॉन्ड्रीवाली नव्हती. तिने एकही पाळी घेतली नव्हती. बायका नावं ठेवायच्या, सख्खी शेजारीण आणि ढुंकून बघत नाही. शनिवारी विमेवाल्याची बायको चादरी घेऊन तिच्या दुकानात गेली आणि इस्त्री होईपर्यंत कौतुकाने सांगत बसली, की कालचं माझं सूप आचारीभाऊंनी दोनदा मागून घेतलं. फारच छान झालंय म्हणाले. एवढा मोठा आचारी, पण बघा!

लॉन्ड्रीवालीने इस्त्री उभी केली. विमेवाल्याच्या बायकोचं सूप तिने प्यायलेलं होतं. ते सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, वर दोन कोथिंबिरीच्या काड्या. आणि साहेबाच्या हातातली वाटी काढून घेतल्याची गोष्ट आचारीभाऊंनी तिला एकदा नव्हे, सतरा वेळा सांगितलेली होती. जो माणूस नोकरीवर पाणी सोडायला तयार होता पण करपलेल्याला छान म्हणू देत नव्हता, तो या पाण्याला छान म्हणाला? हा माणूस बरा झालेला नाही हे तिला कळलं, आणि उद्या पाळ्या बंद होणार होत्या.

रविवारी सकाळी आचारीभाऊंच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने माणसं बसली होती. विमेवाल्याच्या बायकोने किटलीभर चहा आणला होता. सुऱ्या एका कापडात गुंडाळून टेबलावर ठेवल्या होत्या. विमेवाला उभा राहून दोन शब्द बोलत होता, एकीचं बळ वगैरे, आणि आचारीभाऊ खुर्चीत बसून हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होते. तेवढ्यात लॉन्ड्रीवाली आत आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत. तिने ते टेबलावरचं गाठोडं उचलून मास्तरणीच्या मांडीवर ठेवलं, सरळ आचारीभाऊंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि विचारलं,

"भाऊ, अजून मरावंसं वाटतं का?"

विमेवाला पुढे झाला. असं विचारतात का, वेळकाळ आहे की नाही, ते बरे झालेत, असं काहीबाही पुटपुटला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आचारीभाऊंनी सगळ्यांचे चेहरे बघितले. प्रत्येक चेहरा एकच गोष्ट मागत होता, नाही म्हणा. त्यांना ते सोपं होतं. आठवडाभर तेच तर चाललं होतं. पण या बाईने विचारलं होतं, आणि खरं विचारणाऱ्याला करपलेलं वाढायचं नाही ही जन्माची सवय.

"हो," ते म्हणाले.

विमेवाल्याची बायको रडायला लागली. लॉन्ड्रीवाली मात्र खाली फरशीवर बसली, त्यांच्या पायांजवळ, आता वेळ आहे अशा बेताने. आचारीभाऊ म्हणाले, ताई, जीव माझा आहे. माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. मग मी कुणाचं काय घेतो?

"नाही अडत," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तुमच्यावाचून माझं काही अडणार नाही. कपडे धुतले जातील, पोट भरेल. पण माझ्यावाचून तरी कुणाचं अडतंय, भाऊ? या खोलीत कुणाचं अडतंय? अडण्यावर माणूस मोजायला लागलो तर इमारत रिकामी होईल."

मग तिचा आवाज फुटला.

"जीव तुमचा असेल. पण भिंत आपल्या दोघांची आहे. त्या दिवसापासून मी झोपलेली नाही. पहाटे तुमच्याकडे आवाज झाला नाही की मी भिंतीला कान लावून बसते. तुम्हाला रागवायला म्हणून नाही सांगत. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून सांगते. मी पाळीला आले नाही, कारण मला तुमचा राग आला होता. आणि डबे मी परत केले, त्याचा स्वतःचाही."

ते भाषण ऐकून आचारीभाऊंचा विचार पळून गेला असं काही झालं नाही. असं होत नसतं. पण तीन आठवडे छातीवर ठेवलेली धोंड आता खोलीच्या मध्यभागी होती आणि सगळे तिच्याभोवती बसले होते. विमेवालाही खाली बसला. चूक त्याला कळली होती, हे त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. तिसरी गोष्ट डॉक्टरीणबाईंनी सांगितली होती आणि मीच कुणाला सांगितली नाही, असं तो सगळ्यांसमोर बोलला. मग त्याने विचारलं, एखादा अर्ज भरून घ्यावा तितक्या अवघडल्या आवाजात, पण विचारलं, कधी वाटतं, भाऊ? पहाटे, आचारीभाऊ म्हणाले. डोळे उघडतात आणि पुढे काही नसतं. विमेवाल्याने मान डोलावली आणि बाहेर जिन्यात जाऊन दवाखान्याला फोन लावला. सुट्टीच्या दिवशीही तिथे कुणीतरी उचलत होतं. त्यांनी सांगितलं, तपासणीची वाट बघू नका, आजच घेऊन या, आणि तोवर कुणी उठू नका. पाळ्या बंद होणार नव्हत्या. पहाटेची पाळी लॉन्ड्रीवालीने मागून घेतली.

गाडी यायला वेळ होता. चहा निवला होता, पण घरी जायला कुणी उठलं नाही. सुऱ्यांचं गाठोडं मांडीवर धरून मास्तरणी बसली होती. ज्याचा जीव त्याची मर्जी म्हणणारी तीच. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि हळूच विचारलं, "आणि आत्ता? या क्षणाला वाटतंय?"

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. स्वतःलाही त्यांनी विचारलं नव्हतं. पळीभर रस्सा जिभेवर घेऊन मीठ बघावं तसे डोळे मिटून त्यांनी आत बघितलं. घाई केली नाही.

"आत्ता?" ते म्हणाले. "आत्ता तुम्ही सगळे बसलाय. आत्ता नाही."

मग विमेवाल्याच्या बायकोकडे वळून, तिला वाईट वाटू नये म्हणून आवाज शक्य तितका मऊ करत ते म्हणाले की वहिनी, त्या सुपात मीठच नव्हतं.